अक्का, अण्णा आणि पाळणा

बेळगावच्या खडेबाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. कापडाच्या दुकानात झबल्याटोपड्यांचा भाव एकीत विचारला जातो आणि घासाघीस दुसरीत होते. अशा शेजारातून भाषा एकमेकींचे शब्द घेतात. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांतून थोरल्या बहिणीला ‘अक्का’ आणि थोरल्या भावाला ‘अण्णा’ म्हणण्याची जी रीत आहे, ती याच शेजाराची देणगी होय. हे दोन्ही शब्द कानडीतून आले आणि मराठीत इतके रुळले, की आज त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या शब्दांत एक मोठी सोय आहे. मराठीत ‘भाऊ’ किंवा ‘बहीण’ एवढेच म्हटले, तर ते भावंड वयाने मोठे की लहान याचा उलगडा होत नाही. त्यासाठी थोरला, धाकटा, पाठचा अशी विशेषणे जोडावी लागतात. कानडीच्या रोजच्या बोलीत मात्र अण्णा म्हणजे थोरला भाऊ, तम्म म्हणजे धाकटा. अक्का म्हणजे थोरली बहीण, तंगी म्हणजे धाकटी. म्हणजेच कोणतेही मूल जन्मतः अक्का किंवा अण्णा नसते. पाठीवर दुसरे मूल आले, म्हणजे त्या दिवशी त्याला ही पदवी मिळते. बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या बाळाचे नाव ठेवले जाते, त्याआधीच थोरल्याचेही एक नवे नाव पडून गेलेले असते. मात्र त्या दुसऱ्या नावाचा सोहळा कोणी करीत नाही.

नवे मूल घरात येते तेव्हा साऱ्यांचे लक्ष पाळण्याकडे असते. पाळण्याबाहेर उभ्या असलेल्या, दोनतीन वर्षांच्या त्या थोरल्याचे काय होते, हा प्रश्न किरकोळ वाटण्याजोगा आहे. परंतु वैद्यकाचा, शिक्षणाचा आणि समाजाचा इतिहास चाळून पाहिला, तर या प्रश्नाने अनेक शतके माणसांना विचार करावयास लावले आहे, असे आढळून येते.

प्रथम घरातल्या रीतिभातींकडे पाहावे. मराठी घरात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा. पुढची बाळंतपणे सासरी किंवा माहेरी, जशी सोय असेल तशी. बाळंतिणीची खोली वेगळी, तिथे उजेड बेताचा. शेकशेगडी, ओव्याची धुरी, वेखंड, बाळंतशोपा यांचा वास भरलेला. दहा दिवसांचे सोयर पाळणाऱ्या घरांत बाळंतिणीला शिवणे वर्ज्य. पाचवीला सटवाईची पूजा व्हावयाची, बाळाच्या कपाळी ती नशीब लिहून जाईल म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची. बाराव्या दिवशी बारसे. पाळण्याखालून आणि पाळण्यावरून बाळाची देवघेव होते, आत्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, आणि घुगऱ्या वाटल्या जातात. खडेबाजाराच्या आसपासच्या वस्तीत इतरांचेही असेच विधी आहेत. लिंगायत घरात नवजात बालकाला लिंगधारणा होते, मुसलमान घरात सातव्या दिवशी अकीका, ख्रिस्ती घरात धर्ममाता आणि धर्मपिता यांच्या साक्षीने स्नानसंस्कार.

या साऱ्या विधींत थोरल्या मुलाचा असा स्वतंत्र विधी नाही. शास्त्राने जे सांगितले नाही, ते बहुतेक घरांतील बायकांनी आपल्या पद्धतीने करून टाकलेले दिसते. आईच्या कुशीतून सुटलेले मूल आजीच्या कुशीत निजू लागे. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांतला एक लाडू त्याच्या हातावर पडे. पाळण्याची दोरी त्याच्या मुठीत देऊन ‘तू हालव म्हणजे बाळ निजेल’ असे सांगितले जाई. सोयर फिटल्यावर पुष्कळ ठिकाणी बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेण्याचा मान त्याला मिळे. भिंतीला टेकून, पाय पसरून, दोन्ही बाजूंना उशा लावून. एकत्र कुटुंबाचे जे काही दोष असतील ते असोत. आईची मांडी अडली, तर दुसरी एखादी मांडी मोकळी असणे, हा त्याचा एक मोठा गुण होता.

अशी दुसरी मांडी न मिळालेल्या मुलाची दशा आपल्या प्राचीन वैद्यांनी नीट टिपून ठेविली आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ रोगलक्षणांसाठी प्रमाण मानला जातो. त्यातील बालरोगांच्या प्रकरणात ‘पारिगर्भिक’ नावाचा एक रोग येतो. आई पुन्हा गरोदर असता तिच्याच दुधावर राहणाऱ्या मुलाला तो होतो. खोकला, मंद झालेली भूक, वांती, सुस्ती, अन्नाचा तिटकारा, अंगाची काडी आणि पोटाचा नगारा, ही त्याची लक्षणे होत. मुलाचा जठराग्नी वाढविणे, हा त्यावरचा उपाय सांगितला आहे. या रोगाचे दुसरे नाव विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ते नाव म्हणजे ‘परिभव’. परिभव या शब्दाचा अर्थ पराभव, मानहानी. पोटाच्या एका दुखण्याला हे नाव देणाऱ्या वैद्याने मुलाची केवळ नाडी पाहिली नव्हती, त्याचा चेहराही पाहिला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच गोष्टीचा शोध पुढे एका अगदी दूरच्या देशात लागला. जमैकात जन्मलेल्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाई पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, नोकरीस होत्या. एक ते चार वर्षांच्या मुलांना अंगावर सूज येते, केस विरळ व तांबूस होतात, कातडी सोलून निघते आणि पुष्कळशी मुले दगावतात, असे त्यांनी पाहिले. १९३३ साली त्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे स्थानिक नाव जगापुढे मांडले. ते नाव ‘क्वाशिऑरकॉर’. तेथील गा भाषेत त्याचा अर्थ, दुसरे बाळ आले असता पदच्युत झालेल्या मुलाला होणारे दुखणे. धाकट्यासाठी थोरल्याचे दूध तोडले जाई आणि त्याच्या ताटात मक्याच्या पेजेवाचून दुसरे काही पडत नसे. शरीर बांधणारी प्रथिने त्याला मिळत नसत. विल्यम्सबाईंची थोरवी अशी, की त्यांनी तेथील आयांचे शब्द अडाणीपणाचे म्हणून बाजूला न सारता त्यांतच रोगाचे कारण शोधले.

माधवनिदानाचा वैद्य आणि गा भाषा बोलणारी आई यांची कधी भेट होणे शक्य नव्हते. तरीही दोघांनी एकाच दुखण्याला जवळजवळ एकच नाव दिले. यावरून दोन मुलांतील अंतर हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे, तर थोरल्याच्या जिवाचा प्रश्न होता, हे उघड होते. या अंतराविषयी मराठीत उघडपणे लिहिण्याचे धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली आणि खटलेही सोसावे लागले. १९३० साली म्हैसूर संस्थानाने सरकारी खर्चाने संततिनियमनाची केंद्रे उघडली. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने बोलाविलेल्या तज्ज्ञांनी एका प्रसूतीनंतर पुढच्या गरोदरपणापूर्वी निदान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी शिफारस केली. आजीबाई ‘थोरले पायावर उभे राहू दे, ताटातले खाऊ दे, मग पुढचे’ म्हणत असत. त्यापेक्षा या शिफारशीचा आशय वेगळा नाही.

अन्नाचा प्रश्न सुटला, तरी मानाचा प्रश्न राहतोच. थोरलेपण हे मुलाला ओझे वाटावे की अधिकार, हे बहुतांशी घरातल्या मोठ्या माणसांवर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन घरे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

पहिले घर आळंदीचे. परंपरेने दिलेल्या शकांनुसार निवृत्तिनाथांचा जन्म ११९५ चा, ज्ञानदेवांचा ११९७ चा, सोपानदेवांचा ११९९ चा आणि मुक्ताबाईंचा १२०१ चा. दर दोन वर्षांनी एक भावंड. आईवडिलांचे छत्र गेले आणि समाजाने वाळीत टाकले, तेव्हा सर्वांत थोरला मुलगाही अजाण वयाचा होता. गहिनीनाथांकडून मिळालेला उपदेश निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला दिला आणि ते त्याचे गुरू झाले. धाकट्याच्या हातून शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि त्याची कीर्ती थोरल्याहून अधिक पसरली. परंतु त्या कीर्तीने थोरल्याचे स्थान कमी झाले, असे वारकरी परंपरेने कधी मानले नाही. आळंदीस जाणारा वारकरी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपुढेही तितक्याच भावाने माथा टेकतो.

दुसरे घर रायगडचे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. ५ सप्टेंबर १६५९ रोजी मातोश्री सईबाई निवर्तल्या, तेव्हा राजे अवघे दोन वर्षांचे होते. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले होते. २४ फेब्रुवारी १६७० रोजी सोयराबाईंच्या पोटी राजारामांचा जन्म झाला. त्या वेळी थोरला भाऊ बारा वर्षांचा होता. दोघांत इतके अंतर असता बालपणीचा हेवादावा संभवत नाही. हेवा निर्माण केला तो वडीलधाऱ्यांनी. ३ एप्रिल १६८० रोजी शिवछत्रपतींचे निधन होताच दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविण्याचा घाट घातला गेला. तो फसला आणि त्यातून बऱ्याच जणांचे प्राण गेले. तथापि त्या कारस्थानाचे प्रायश्चित्त धाकट्या भावाला भोगावे लागले नाही. संभाजीराजांच्या कारकिर्दीत राजाराम रायगडावरच वाढले. १६८९ साली संभाजीराजे मोगलांच्या हाती सापडले, तेव्हा महाराणी येसूबाईंनी आपला पुत्र शाहू याचा हक्क पुढे न करता धाकट्या दिराच्या हाती राज्य सोपविले. सिंहासनावरून दोन भावांत लावलेले भांडण त्याच घरातील एका सुनेने असे मिटविले.

खुद्द बेळगावाला थोरल्या-धाकट्यांचे एक सुखाचे उदाहरणही ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता तेथून सायकली खरेदी करून बेळगावी पाठवीत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकीत. ज्या किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ सालचा धरला जातो, त्याच्या दारावर ‘बंधू’ हा शब्द होता. १९१० साली हा कारखाना औंध संस्थानातील माळरानावर गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्रांची कल्पकता धाकट्याची. वसाहतीची घडी बसविण्याचे, माणसे सांभाळण्याचे काम रामूअण्णांचे. ‘अण्णा’ हे संबोधन नावाला कायमचे चिकटते, ते वय वाढल्याने नव्हे, तर त्या माणसाने ते पेलून दाखविल्याने. कर्नाटकात बाराव्या शतकातील महादेवीला तिच्याहून वयाने वडील असलेल्या शरणांनीही ‘अक्का’ म्हटले, त्यामागेही हीच भावना असली पाहिजे.

येथवर आलेली नावे बहुशः थोरल्या भावांची आहेत. थोरल्या बहिणीची कथा निराळी आहे आणि ती अधिक कष्टाची आहे.

मुलीच्या पाठीवर मुलगा झाला, तर ‘हिने पाठीवर भाऊ आणला’ म्हणून तिचे कौतुक होई. तिचा पायगुण चांगला ठरे. परंतु मुलीच्या पाठीवर मुलगीच झाली, तर दोघींच्याही वाट्याला उपेक्षा येई. सातारा जिल्ह्यात आणि अन्यत्रही ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे ठेवण्याची चाल पडली. असे नाव ठेवले म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या भावासाठी या मुलीने जन्मभर स्वतःचा नकार नावात वागवावयाचा. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींचा नामकरणसोहळा केला आणि त्यांना त्यांच्या पसंतीची नवी नावे दिली. बारसे दुसऱ्यांदा झाले आणि या खेपेस ते थोरल्या मुलींचे झाले, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

जिचे नाव बरे ठेवले गेले, तिलाही धाकट्याला कडेवर घ्यावेच लागले. निपाणी हे तंबाखूचे गाव. तंबाखूच्या वखारींत आणि घरोघरी बिड्या वळण्यात तेथील बायांचे हात गुंतलेले. आई कामावर गेली, म्हणजे सहासात वर्षांची अक्का तान्ह्याला कडेवर मारून फिरे. त्याचे रडणे तिने शमवावयाचे, त्याचे दुपटे तिने बदलावयाचे. शाळेची घंटा तिच्या कानी पडे, पण पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेविला. हा कायदा आपल्या काळाच्या कितीतरी पुढे होता. परंतु गरीब आईला दंडाचे भय घालून तिच्या घरातला पाळणा कोण हालविणार, हा प्रश्न कोणत्याही सक्तीने सुटण्यासारखा नव्हता.

या प्रश्नाचे उत्तर कायदेमंडळांना तुकड्यातुकड्यांनी सापडत गेले. बेळगाव जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात होता, त्या इलाख्याच्या कायदेमंडळात १९२८ साली कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची रजा व भत्ता देण्याचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यांत पाळणाघर आणले. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यातही पाळणाघराची तरतूद झाली. तथापि घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला कारखान्याच्या पाळणाघराचा उपयोग तो काय होणार? तिची पाळणाघराची व्यवस्था म्हणजे तिची थोरली मुलगीच राहिली.

या मुलीचे दुःख ज्या दोन शिक्षिकांनी खऱ्या अर्थाने ओळखले, त्या म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ साली त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली गरीब मुले बालवाडीत येईनात, असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिला त्यांनी ‘अंगणवाडी’ असे नाव दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर ‘कुरणशाळा’ भरविली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलींना शाळेत येण्यास अडचण काय, याचा शोध घेता उत्तर त्यांच्या कडेवरच दिसले. धाकट्या भावंडाला सोडून येता येत नाही, म्हणून मुलगी येत नाही. तेव्हा कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकाच जागी आणण्यात आली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली मुलगी पाटीपुस्तक घेऊन वर्गात. मधल्या सुट्टीत ती धाकट्याला पाहून येई आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसे.

ही योजना दिसावयास अगदी साधी आहे. तिच्यामागचा विचार मात्र मोठा आहे. मुलीने भावंडाला टाकून शाळेत यावे, असे या दोघींनी म्हटले नाही; भावंडावरची तिची माया त्यांनी दोष मानली नाही. त्या मायेचा भार तेवढा त्यांनी शाळेच्या खांद्यावर घेतला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली. कर्नाटकात तिचा आरंभ म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे झाला. या योजनेच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले आणि ताराबाईंचा मराठी शब्द देशातील साऱ्या भाषांत गेला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे म्हणून पाळणाघरे असावीत, असे स्पष्ट शब्दांत नमूद झाले. कानडीतून मराठीने ‘अक्का’ घेतली. मराठीतून कानडीने ‘अंगणवाडी’ घेतली. सीमाभागातील या देवघेवीत दोन्ही शब्द थोरल्या बहिणीच्याच कामाचे निघावेत, हा योगायोग मोठा गोड आहे.

थोरल्या मुलाच्या दृष्टीने या साऱ्याहून मोठे संकट म्हणजे नव्या बाळाबरोबर आई परत न येणे. संभाजीराजांसारखी राजघराण्यातली मुलेही मातृवियोगातून सुटली नाहीत. खेड्यापाड्यांतील मुलांची तर गणतीच नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे अशा मृत्यूंचे एक प्रमुख कारण होय. या बाबतीत बेळगावचे नाव जगाच्या वैद्यकीय इतिहासात गेले आहे. के. एल. ई. संस्थेच्या, १९६३ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत एक प्रयोग केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रसूती होताच परिचारिका-सुईणीने मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. औषध न मिळालेल्यांत शंभरांपैकी १२ जणींना धोक्याचा रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ वर आले. डॉ. रिचर्ड डर्मन, डॉ. भालचंद्र कोडकणी आणि त्यांचे सहकारी यांचा हा अहवाल २००६ च्या ऑक्टोबरात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सिसिली विल्यम्स यांनी थोरल्या मुलाचे दुखणे ज्या नियतकालिकातून जगापुढे मांडले होते, तेच हे नियतकालिक. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. स्वस्त, शीतपेटीवाचून टिकणाऱ्या आणि सुईणीच्या हातून देता येणाऱ्या या गोळ्यांनी किती घरांतील थोरल्यांची आई त्यांना परत दिली असेल, याची कल्पनाच करावी.

आता बाळंतपणे बहुतेक दवाखान्यात होतात. घरे लहान झाली, मुले दोनवर आली आणि आजी पुष्कळदा दुसऱ्या गावी असते. अन्नाचा प्रश्न सुटलेल्या घरांत थोरल्याच्या मनाचा प्रश्न मात्र अधिक ठळक झाला आहे. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांनी पहिल्या मुलाच्या स्थितीला ‘सिंहासनावरून उतरविले जाणे’ अशी उपमा दिली. गा भाषेतील आईने वापरलेला आणि आपल्या वैद्याच्या ‘परिभव’ शब्दात दडलेला हाच तो अर्थ. पुष्कळ मुले पाळणा आल्यावर पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, बोबडे बोलतात, भरविल्यावाचून जेवत नाहीत. त्याला हट्ट म्हणून धपाटा घालण्याची चाल जुनी आहे. परंतु लहान झाल्यावाचून आई मिळत नाही, असा त्या बालबुद्धीने काढलेला तो निष्कर्ष असतो.

केंब्रिजमध्ये ज्यूडी डन आणि कॅरोल केंड्रिक या संशोधिकांनी ४० कुटुंबांत दुसरे मूल येण्यापूर्वीपासून निरीक्षण केले आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या आया पहिल्या आठवड्यांतच थोरल्याशी बाळाविषयी एका माणसाविषयी बोलावे तसे बोलल्या, त्याला भूक लागली असेल का, तो का बरे रडतो, असे थोरल्याचे मत विचारू लागल्या, त्यांच्या घरी पुढे भावंडांचे अधिक सख्य दिसून आले. पाळण्याची दोरी थोरल्याच्या मुठीत देणाऱ्या आजीला कोणी हे शिकविले नव्हते. पण ‘तुझ्या हातून बाळ निजते’ हे तिचे वाक्य आणि केंब्रिजचा निष्कर्ष यांत फारसे अंतर नाही. दोन्हींत थोरल्याला बाळाच्या संगोपनात मान दिला जातो, आणि त्याबरोबर तो अजून लहान आहे याचाही विसर पडू दिला जात नाही.

विसर पडतो तो येथेच. तीन वर्षांच्या मुलाला ‘तू आता मोठा झालास’ असे सांगणे सोपे असते. पण मोठेपणाचा भार देताना त्याच्या वाट्याची मांडी, दूध, नाव आणि शाळा काढून घेतली, तर ते थोरलेपण नव्हे, तो परिभवच होय. निपाणीच्या वखारीकडे धाकट्याला कडेवर घेऊन जाणारी मुलगी, नकोशी नावाची मुलगी आणि पोट वाढलेले, काडीसारखे झालेले ते बालक, या सर्वांची तक्रार एकच होती. पाळण्यासाठी जागा करताना घराने त्यांची जागा मोडली होती. उलट विकासवाडीच्या वर्गात बसलेल्या मुलीला धाकट्याची काळजीही होती आणि हातात पाटीही होती.

खडेबाजारात बाळंतविड्याची खरेदी आजही होते. झबले, टोपडे, कुंची, दुपटे यांची यादी आजीच्या तोंडपाठ असते. त्या यादीत शेवटी थोरल्यासाठी एखादा सदरा किंवा परकर-पोलके जोडण्याची काही घरांत रीत आहे. खर्च थोडा असतो. बारशाच्या गर्दीत नवा सदरा घालून पाळण्याशी उभ्या राहिलेल्या त्या मुलाला कोणीतरी पहिल्यांदा ‘अण्णा’ म्हणून हाक मारते, आणि तो वळून पाहतो.